नवी बॅटरी नवव्या दिवशी बंद : गाडीची बॅटरी बदलण्याआधी काय बघायचं

ज्यांना भाग ऐकायचा नाहीये, किंवा ऐकताना आकडे डोक्यावरून गेले, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'बेसिकली' होतं ते बरंचसं काढलंय, थोडं राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच कबुली देतो. आजचा विषय माझ्याच चुकीतून आलाय.

आई-बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. घरची गाडी म्हणजे जुनी पेट्रोल वॅगनआर, बाबांच्या ताब्यात. मागच्या गणपतीत मी घरी गेलो तेव्हा हौसेने तिला डॅशकॅम बसवला. नुसता लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसलेला नाही, चांगला फ्यूज बॉक्समधून वायर ओढून, पार्किंग मोडसकट. म्हणजे गाडी बंद असली तरी कॅमेरा जागा. बाबांना म्हटलं, "आता गाडीला कोणी घासून गेलं तरी आपल्याला कळेल." बाबा म्हणाले, "मला एवढं काही नकोय रे." मी ऐकलं नाही.

तीन-चार आठवड्यांनी बाबांचा फोन. गाडी सेल्फ घेत नाहीये. मी त्या शनिवारी गेलो, रविवारी धक्का मारून गाडी चालू केली आणि बॅटरीच्या दुकानात नेली. दुकानदाराने विचारलं, किती वर्षं झाली? म्हटलं, चार. तो म्हणाला, "मग गेली. आपल्याकडे चार वर्षं म्हणजे भरपूर." मलाही पटलं. जुनी परत देऊन नवी घेतली, ४,६०० रुपये दिले, गाडी एका फटक्यात चालू. तिकीट क्लोज्ड. आयटीवाल्यांना हे समजेल: सर्व्हर लटकला, रिस्टार्ट केला, चालू झाला, पुढे जा.

त्यानंतरच्या नवव्या दिवशी, मंगळवारी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पुण्यात, सकाळी साडेआठला हजर राहायचं होतं. पहाटे साडेपाचला बाबांनी किल्ली फिरवली आणि टिक-टिक-टिक-टिक.

(ऐकणाऱ्यांना इथे मी तो आवाज ऐकवला होता. वाचणाऱ्यांनी आठवावा, बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो.)

फोन आला. बाबा चिडले नव्हते, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "अरे, नवीच टाकलीस ना तू?" शेवटी शेजारचे काका स्वतःच्या गाडीतून दोघांना पुण्याला घेऊन आले. ऑपरेशन झालं, दीड तास उशिरा, पण नीट झालं. आई ठीक आहे. पण त्या दिवसापासून बाबा लांब जायचं म्हटलं की "एसटीनेच जातो" म्हणायला लागले.

तर आजचा भाग बॅटरी कशी निवडायची आणि कशी बसवायची याचा आहेच. पण त्याआधी तिसरी गोष्ट येते, जी मी केली नाही. मोजायची.

बॅटरी नक्की करते काय

दोन मिनिटं थिअरी. पेट्रोल-डिझेल गाडीत असते ती शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये ती बनवली, आणि आपण अजून मूळ तीच रसायनं वापरतोय. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. सहा गुणिले २.१ म्हणजे १२.६. आपण म्हणतो 'बारा व्होल्टची बॅटरी', पण पूर्ण भरलेल्या बॅटरीने १२.६ ते १२.७ दाखवायला हवं. हा फरक लक्षात ठेवा, कारण स्वस्थ बसलेली बॅटरी जर बरोब्बर १२ दाखवत असेल तर ती भरलेली नाही, जवळजवळ रिकामी आहे.

आता गंमत बघा. इंजिन सुरू करायला एकूण चार्ज फारसा लागत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर समजा दीडशे अँपिअर ओढतो आणि दोन सेकंद फिरतो. दीडशे गुणिले दोन, भागिले ३,६०० करा: ०.०८ अँपिअर-अवर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे चिल्लर. पण ती चिल्लर दोन सेकंदांत एकदम द्यायची असते. नळाला पाणी भरपूर असणं वेगळं आणि प्रेशर असणं वेगळं. म्हातारी झालेली बॅटरी हेडलाइट लावते, हॉर्न वाजवते, आणि सेल्फ मारला की मान टाकते ती यामुळे.

एकदा इंजिन चालू झालं की गाडीची वीज अल्टरनेटर देतो, आणि तोच बॅटरीही भरतो. जुनी मंडळी त्याला अजून डायनॅमोच म्हणतात, चालेल.

म्हणजे गाडी सेल्फ घेत नाही याला निदान चार कारणं असू शकतात. बॅटरी खरंच संपलीय. किंवा बॅटरी ठीक आहे, पण अल्टरनेटर भरत नाहीये. किंवा दोन्ही ठीक आहेत आणि गाडी उभी असताना काहीतरी गुपचूप वीज पितंय. किंवा नुसतं टर्मिनल सैल आहे, त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलीय, आणि प्रश्न पाच मिनिटांचा आहे. या चारांपैकी एकाच कारणावर नवी बॅटरी हे उत्तर आहे. बाकी तिन्हींत तुम्ही पैसे घालता, काही दिवस गाडी चालते, आणि मग पहाटे साडेपाचला टिक-टिक.

तीन आकडे

डिजिटल मल्टीमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांचा साधा पुरतो. डायल डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

पहिला आकडा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, काहीही चालू न करता. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जरवर लावा, निकाल नंतर. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा भरलेल्या बॅटरीचीच घ्यायची, उपाशी माणसाला पळवून 'दम नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा: कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. क्षणभर आकडा पडेल, पडणारच. भरलेली, चांगली बॅटरी साधारण ९.६ च्या वर टिकते. आठ-सातपर्यंत कोसळली तर तिचा दम गेलाय. स्वस्त मीटर आकडा हळू बदलतो, तेव्हा दोन-तीनदा करून बघा.

तिसरा: इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर भरतोय. १२.४ दिसतंय आणि खाली सरकतंय, तर बॅटरीवाल्याकडे नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. १५ च्या वर गेलं तरी जा, कारण मग तो बॅटरी शिजवतोय. एक सूचना: बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर 'स्मार्ट' असतो, पेट्रोल वाचवायला तो मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो. अशा गाडीत एकदा १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा.

इथे एक जुनी गावठी टेस्ट आहे, ती कृपा करून करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर ओके. अँबॅसेडरच्या काळात चालून गेलं असेल. आजच्या गाडीत बॅटरी हीच झटके शोषून घेणारी उशी असते. ती एकदम काढली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. ४,६०० चा प्रश्न हजारोंवर जातो. माझ्यासमोर एकजण हे करायला निघाला होता, मी अक्षरशः पाना धरून ठेवला.

चोर कसा पकडला

त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी मी मीटर घेऊन साताऱ्याला गेलो. बाबांनी दार उघडलं, हातातला मीटर बघितला, काही बोलले नाहीत. चहा मात्र केला.

आधी बॅटरी काढून एका ओळखीच्यांच्या चार्जरवर रात्रभर लावली. पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास, सावकाश. सकाळी थोडा वेळ तशीच ठेवून मोजली: १२.६. सेल्फ मारताना दहाच्या वर. म्हणजे बॅटरी चांगली. इंजिन चालू, १४.२. म्हणजे अल्टरनेटरही चांगला. उरला चोर.

उभी गाडी शून्य वीज घेत नाही. घड्याळ, सिक्युरिटी, ईसीयूची मेमरी, सगळं थोडं थोडं पीत असतं. गाडी पूर्ण झोपल्यावर २० ते ५० मिलिअँपिअर साधारण ठीक मानतात. हे मोजायचं तर मीटर वाटेत घालावा लागतो: मायनसची केबल काढायची आणि मीटरची एक काडी त्या केबलला, दुसरी बॅटरीच्या मायनस खांबाला. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात हवी. आणि मीटर वाटेत असताना किल्ली फिरवायची नाही. स्टार्टरचे दीडशे अँपिअर त्या बिचाऱ्या मीटरमधून जायला बघतात आणि त्याचा फ्यूज उडतो. कसं माहीत? उडाला. सवयीने हात गेला. रविवारी सकाळी साताऱ्यात मीटरचा फ्यूज शोधत फिरलो.

अजून एक: दार उघडं असलं की गाडी जागी राहते. म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून 'बंद' करायचं, किल्ली खिशात घेऊन लांब उभं राहायचं आणि अर्धा तास थांबायचं. नंतर लॅच पुन्हा उघडायला विसरू नका, नाहीतर दार आपटून वाकेल.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.२७. म्हणजे २७० मिलिअँपिअर. मग एकेक फ्यूज काढायला सुरुवात. खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं कोणता काढायचा, पण आधी दुसरे दोन काढले. मग डॅशकॅमचा काढला. मीटर ०.०२ वर आला.

हिशोब करा. ०.२७ अँपिअर चोवीस तास म्हणजे रोज साडेसहा अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. सव्वापाच-साडेपाच दिवसांत रिकामी, आणि सेल्फ न घेण्याइतकी अशक्त तर त्याच्याही आधी. बाबा या नऊ दिवसांत गाडी घेऊन दोनदा बाहेर पडले होते, दोन्ही वेळा मंडईपर्यंत. दहा मिनिटांत अल्टरनेटर तीनेक अँपिअर-अवर परत भरेल, तेही फार झालं. रोज साडेसहा जातात आणि आठवड्यात सहा येतात.

त्या वायरिंग किटमध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी फार उतरली की कॅमेरा स्वतः बंद होतो. मी तो असतो म्हणूनच निश्चिंत होतो. बघितलं तर कंपनीने येताना ११.६ वर ठेवलेला. वर मी काय सांगितलं? १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. ११.६ ला कॅमेरा बंद होऊन उपयोग काय, तोवर सेल्फ गेलेला असतो. ती सेटिंग मी वाचलीच नव्हती. डीफॉल्ट व्हॅल्यू न वाचता प्रॉडक्शनवर टाकलं, आणि माझ्या प्रॉडक्शनमध्ये आई होती.

आणि मग डोक्यात आलं की जी जुनी बॅटरी मी दुकानात दिली, ती खरंच गेली होती का? चार वर्षांची होती, गेलीही असेल. पण कॅमेरा लावेपर्यंत तिने कधी त्रास दिला नव्हता. मी ती भरून मोजली नाही, दुकानदारानेही मोजली नाही. आता ते कधीच कळणार नाही.

खरंच बदलायची असेल तर

समजा मोजलं आणि बॅटरीच गेली असं ठरलं. आपल्या हवेत तीन ते पाच वर्षांत बहुतेकांवर ही वेळ येतेच. थंडीत गाडी अडते म्हणून लोकांना वाटतं थंडी बॅटरीला मारते. मारतो उन्हाळा. उष्णतेने आतल्या प्लेटा गंजतात, पाणी उडतं. थंडीत फक्त ते उघडं पडतं. म्हणून डिसेंबरच्या सकाळी अडलेली बॅटरी बहुतेकदा एप्रिल-मेमध्येच खचलेली असते.

निवडताना ब्रँडच्या आधी जुन्या बॅटरीवरचा कोड बघा आणि फोटो काढा. आमच्या बॅटरीवर ३८बी२०एल असं होतं. (छापलेलं इंग्रजी अक्षरांत असतं.) ही जपानी पद्धत. ३८ हा ताकदीचा दर्जा आहे, अँपिअर-अवर नाही, इथे खूप जण फसतात. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट. २० म्हणजे लांबी, साधारण वीस सेंटिमीटर. शेवटचं एल किंवा आर म्हणजे प्लस कोणत्या बाजूला. युरोपियन वळणाच्या गाड्यांत डीआयएन ४४, डीआयएन ५५ अशा बॅटऱ्या येतात, तिथे आकडा साधारण अँपिअर-अवरचा.

यात शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. बॅटरी अशी फिरवा की दोन्ही खांब तुमच्या बाजूला येतील. प्लस उजवीकडे की डावीकडे? नवी घेताना तिलाही तशीच उभी करून बघा. उलटी निघाली तर केबल पोचत नाही, किंवा ताणून पोचते, किंवा घाईत कोणीतरी लाल-काळं उलटं लावतो. उलटं लागलं तर मुख्य फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड, दोन्हींना नमस्कार.

जपानी आणि डीआयएनमध्ये अदलाबदल करू नका. छोट्या जपानी बॅटरीचे खांब बारीक असतात, डीआयएनचे जाड. धरून ठेवायची पद्धतही वेगळी: जपानीला वरून पट्टी, डीआयएनला तळाच्या कडेला क्लँप. शिवाय डीआयएन दोन उंचींत मिळते, १७५ आणि १९० मिलिमीटर. पंधरा मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण बॉनेटचा पत्रा खाली आला की तो प्लसला टेकू शकतो.

"पस्तीसच्या जागी पंचेचाळीस टाका, जास्त टिकेल," हा सल्ला तुम्हाला मिळणारच. ट्रेमध्ये बसत असेल, पट्टी घट्ट लागत असेल, तर विजेच्या दृष्टीने थोडी मोठी बॅटरी वाईट नाही. पण सैल बसली तर खड्ड्यांतून हादरून आतल्या प्लेटा सुटतात. आणि चोर असेल तर मोठी बॅटरी म्हणजे त्याला मोठं ताट. आमच्याकडे पंचेचाळीसची असती तर गाडी मंगळवारऐवजी गुरुवारी अडली असती, एवढंच.

सीसीए नावाचा आकडाही दिसेल. उणे १८ अंशांवर बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते त्याचं माप. साताऱ्यात उणे १८ होत नाही, पण तुलना करायला आकडा उपयोगी आहे. कंपनीच्या बॅटरीइतका किंवा जास्त असावा.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर मात्र काटकसर करू नका. तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, कारण ती दिवसात पन्नास वेळा सेल्फ मारते. मूळ एजीएम असेल तर एजीएमच. साधी टाकली तर चालू होईल, दुकानदार म्हणेल बघा झाली की चालू, आणि ती लवकर संपेल. काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूमध्ये, नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते. तिथे घरी प्रयोग नको.

दुकानात दोन गोष्टी करा. उत्पादनाचा महिना बघा, नुसती पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. आणि तिथेच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. माझ्या अनुभवात कोणी नाही म्हटलेलं नाही, फक्त जरा वेगळ्या नजरेने बघतात. वॉरंटीमध्ये मोठ्या आकड्यापेक्षा त्याची फोड विचारा: ६० महिने म्हणजे समजा ३६ महिने फुकट बदली आणि पुढचे २४ फक्त सवलत. कार्डवर तारीख आणि शिक्का घ्या, आणि कार्डाचा फोटो लगेच घरच्या ग्रुपवर टाका. कागद हरवतो, ग्रुप हरवत नाही.

बसवणं

काम वीस मिनिटांचं. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना पुरतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. चष्मा नसेल तर साधा गॉगल तरी लावा, आत आम्ल आहे. सिगारेट लांब, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. किल्ली गाडीत ठेवू नका, वीज गेली-आली की काही गाड्या स्वतःला लॉक करतात.

काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. पाठ करू नका, कारण समजून घ्या. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेला असताना तुम्ही प्लस सोडवताय आणि पाना घसरून पत्र्याला लागला, तर प्लस-मायनस थेट पान्यातून जोडले गेले. ठिणगी उडते, पाना चिकटतो, हात भाजतो. मायनस आधीच काढलेला असेल तर तोच पाना पत्र्याला लागून काही होत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की क्रम विसरणं शक्य नाही.

केबलच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसून जाईल, जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा. बॅटरी उचलताना हँडलने, पाठ सरळ ठेवून. दिसते छोटी, भरते दहा किलो. पट्टी घट्ट करा आणि हलवून बघा: बॅटरी हलली नाही पाहिजे, गाडी हलली पाहिजे. टर्मिनल हाताने फिरता कामा नये. वरून व्हॅसलिनचा पातळ थर. आधी घट्ट, मग व्हॅसलिन, उलट नाही.

घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत खिडकीचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, पहिल्या दिवशी आयडलिंग थोडं खाली-वर होईल. हे सगळं नॉर्मल.

जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, ७००-८०० रुपये वजा होतात म्हणून नाही फक्त. २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, दुकानातून ती त्या साखळीत जाऊ शकते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याने ती फोडली तर आम्ल गटारात आणि शिशाची धूळ आसपासच्या पोरांच्या पोटात.

एका श्रोत्याने विचारलंय, जंपर केबल कशी लावायची. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती हायड्रोजनजवळ नको म्हणून. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही, तेव्हा त्यांनी केबल डिकीत ठेवाच.

आमच्या गाडीत कॅमेरा अजून आहे, पण आता किल्ली बंद की तोही बंद. पार्किंग मोडची वायर मी बाबांसमोर काढली. मीटर तिथेच ठेवून आलो आणि त्यांना पहिला आकडा बघायला शिकवला. गेल्या रविवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, नुसता मीटरचा फोटो. १२.५८. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "कुठे निघालात का?" उत्तर आलं: "वाईला. गाडीने."